वाल्बुर्गाबाईंच्या फाटकावरची फांदी

आमच्या शेजारच्या वाल्बुर्गाबाई माणसाची परीक्षा त्याच्या ताटावरून करतात. सिल्व्हानर ही त्यांच्या मळ्यातली पांढरी वाइन, अगदी कोरडी, गोडव्याचा मागमूस नाही. ती नदीतल्या माशाबरोबर, कांदा-व्हिनेगरमध्ये शिजवलेल्या सॉसेजबरोबर आणि जूनपर्यंत मिळणाऱ्या शतावरीच्या पांढऱ्या कोंबांबरोबर घ्यावी, असं त्यांचं मत. केकबरोबर ती मागणाऱ्या एका पाहुण्याला त्यांनी सरळ कॉफी दिली होती.

त्या रविवारी जेवायला येणार होते लोरेंत्स, बांबेर्गकडचे बिअरवाले. त्यांचा मुलगा वेंडेलिन आणि बाईंची एकुलती एक रेगिना यांचं जमलं होतं. अडचण एकच. बाईंना वेंडेलिन घरजावई हवा होता, नाहीतर त्या उभ्या चढावरचा द्राक्षमळा बघणार कोण? आणि लोरेंत्सना मुलगा सोडायचा नव्हता.

बाई दिराला म्हणाल्या, "किलियानभावजी, फाटक जरा सजवा."

किलियाननं उभा जन्म फाटकावर एकच वस्तू टांगली होती. हात सवयीनं गोठ्यातल्या खिळ्याकडे गेला आणि लाल फीत बांधलेली हिरवी फांदी फाटकावर चढली. आमच्याकडे मळेवाल्याच्या दारावर अशी फांदी म्हणजे आज इथं घरची वाइन आणि जेवण विकत मिळेल, घर उघडं आहे, या, बसा, प्या.

लोरेंत्स स्वतःच्या बिअरचं पिंप घेऊन आले. मी शतावरी सोलायला बसलो होतो. ताटं मांडून होतात तोच सायकलवाल्यांची टोळी आत आली आणि अंगणातल्या बाकांवर बसली.

"बाई, शतावरी आहे ना? आणि सिल्व्हानर?"

बाईंनी फाटकाकडे पाहिलं, मग दिराकडे.

"सजवा म्हणालात ना, वहिनी," किलियान म्हणाला.

"यांना परत पाठव ना, आई," रेगिना कुजबुजली.

"फांदी लावून माणूस परत पाठवायचा? उद्या गावात कुठल्या तोंडानं फिरू?"

पाहुण्यांसाठी मांडलेली ताटं अंगणात गेली. मागोमाग चर्चमधून सुटलेले निम्मे गावकरी आले. वेंडेलिन तळघराच्या पायऱ्या शीळ घालत चढत-उतरत होता, दोन्ही काखांत चपट्या पोटाच्या बाटल्या. रेगिना लोणी वितळवत होती. किलियान सगळ्यांच्या मधे येत होता.

"तुम्ही बसा हो, पाहुणे तुम्ही," बाई लोरेंत्सना म्हणाल्या.

"बसू कुठं? माझ्या खुर्चीवर तुमचा पोस्टमन बसलाय."

स्वयंपाकघरात उभ्या-उभ्याच त्यांनी लोण्यात बुडवलेला एक कोंब तोंडात टाकला, वर सिल्व्हानरचा घोट घेतला. आणखी एक कोंब उचलला. मग खुंटीवरचा एप्रन काढून कमरेला बांधला आणि बाहेर गेले. एका हातात सहा पेले कसे धरायचे ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"काका, मला बिअर," एक सायकलवाला म्हणाला. "ते पिंप दिसतंय की."

"शतावरीवर बिअर?" लोरेंत्स थबकले. "अरे, माझी बिअर तोंडात गेली की बाकी कुणाला बोलू देत नाही. हे कोंब हळू बोलणारे. त्यांना ही वाइन दे, ऐकून घेईल."

बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. हातातली पळी तशीच.

कोंब संपले, बटाटेही संपले. उरलेल्या मंडळींना पाव आणि सॉसेज मिळालं. शेवटी लोरेंत्स पायरीवर बसले आणि तळघरातून पुन्हा वर येणाऱ्या मुलाकडे बघत राहिले.

"घरी याला हाका मारून माझा घसा बसतो. इथं न सांगता धावतोय. आणि शीळ घालतोय."

"तुमच्याकडे नाही घालत?"

"बारा पिढ्यांत कुणी घातली नाही." त्यांनी पेला संपवला. "ठेवा याला इथंच, विहीणबाई. पण एक अट. सॉसेजबरोबर माझी बिअर."

बाईंच्या मते सॉसेजबरोबरही सिल्व्हानरच. ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"ते बघू," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या हातात फडकं दिलं. "आधी बशा पुसा, व्याहीबुवा. अजून लोक येताहेत."

किलियान फांदी काढायला निघाला होता. दोघंही त्याच्यावर एकदम ओरडले.