निपाणीजवळच्या सोप्यात माझी कथा कन्नडमध्ये गेली

"भाषा सुंदर, पण माणसं जिवंत वाटत नाहीत" असं म्हणत संपादकांनी तिसऱ्यांदा कथा परत पाठवली, त्या रागातच मी निपाणीजवळच्या कथालेखन शिबिरात नाव घातलं. यानेही जमलं नाही तर लिहिणं बंद, असं ठरवूनच पुण्याहून निघाले. वाटेत रस्त्याची कामं चालू आहेत, त्यामुळे वेळ जास्त धरा. राहणं-जेवण धरून साडेचार हजार घेतात.

शिबिर एका जैन शेतकरी कुटुंबाच्या घरी होतं. यजमानीणबाईंना सगळे आक्का म्हणत. जेवणं दिवस मावळायच्या आत: ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बिनकांद्याची आमटी. कांद्यावाचून जेवण कसलं, म्हणणारी मी आमटी मागून मागून घेत होते. मग अख्खी संध्याकाळ मोकळी. सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, बसून आपापल्या कथा वाचायच्या. आक्कांच्या सासूबाई, म्हणजे अत्ती, त्याही येऊन बसत. त्यांना मराठी बाजारापुरती यायची, पुस्तकी मराठी डोक्यावरून जायची. म्हणून आक्का वाचणाऱ्याला थांबवून त्यांना कन्नडमध्ये सांगत.

माझी कथा दोन भावांच्या वाटणीची. त्यात घराचं वर्णन दीड पान, माझ्या मते कळसच. आक्कांनी ते दोन-तीन शब्दांत उरकलं. मी विचारलं, तर म्हणाल्या, "जुनं घर हाय, एवढंच की." सगळे हसले, मीही कसनुसं हसले. पुढे एक साधी ओळ होती: बहीण हक्कसोडपत्रावर सही करून सासरी निघून जाते. तिथे मात्र सासू-सुनेचं बराच वेळ बोलणं चाललं. शेवटी आक्का माझ्याकडे वळल्या.

"अत्ती इचारत्यात, सही करून ती तिथं जेवली, का तशीच गेली?"

माझ्याच कथेतली बाई, आणि ती जेवली की नाही याचा मी कधी विचारच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाकीची मंडळी संकेश्वरवरून बेळगावला गेली, खडेबाजार फिरायला आणि तिथला खव्याचा कुंदा आणायला. तुम्ही जरूर जा. मी मात्र सोप्यातच बसून बहिणीचं लिहीत राहिले.

आता पुण्यात परतून महिना झाला. कथा पुन्हा पाठवली आहे, काय व्हायचं ते होवो. त्या घराचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत. परवा आक्कांना फोन करून नवा भाग वाचून दाखवला. त्यात वहिनीने वाढलेलं ताट तसंच ठेवून बहीण एसटी पकडते. आक्का तिकडे कन्नडमध्ये सांगत होत्या, मी कान लावून बसले होते. मग अत्तींचा आवाज आला, बराच वेळ. काय म्हणतात, मी विचारलं.

"पोरगी उपाशी गेली म्हणत्यात. तिला एकदा हिकडं घिऊन या म्हणत्यात, जेवायला."