खिडकीतून आलेला चहा

भूकंपानंतर मित्रदेशाच्या मदतीला गेलेलं आमचं बचावपथक ढिगाऱ्यासमोर पोचूनही बसमध्येच अडकलं होतं. दोन्हीकडचे मंत्री येऊन झेंड्यांसमोर फोटो होईपर्यंत कुणीही उतरायचं नाही, असा हुकूम होता. लोखंड कापायची यंत्रं पायांशी, आणि आम्ही काचेच्या आत! दोन देशांची मैत्री इतकी कशी नाजूक, की फोटो काढल्याशिवाय तिला बसची पायरी उतरता येत नाही?

तेवढ्यात एका बाईनं खिडकीतून मला चहाचा ग्लास दिला आणि ढिगाऱ्याकडे बोट दाखवलं.

"पाहुण्यांनी आधी चहा घ्यावा, मग माझ्या लेकाला काढावं, असं म्हणतेय," दुभाष्या म्हणाला.

ती खिडकीखालीच उभी राहिली. चहा संपला की मी उतरणार, हे ती धरूनच चालली होती.

मी एकेक घोट लांबवत राहिलो.