प्रत्येक वर्गाला बाथरूम

मंडळी, ट्रस्टच्या कायद्यातलं कळणारं कुणी आहे का इथं?

पळसदरीला धरणाच्या काठावर आमची छोटी शाळा आहे. जागा ट्रस्टच्या नावावर. आज एक देणगीदार साहेब आले. इमारत बांधून देतो, सरकारी मान्यतेचंही बघतो म्हणाले. अट एकच, ट्रस्टवर त्यांची चार माणसं घ्यायची. आम्ही विश्वस्त तिघंच.

तरी मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात चौथीतल्या सानिकाने त्यांच्या नकाशात डोकं घातलं.

"ताई, परत्येक वर्गाला बाथरूम कशाला गं?"

"मुलांची सोय," साहेब हसले.

"आनि फळा कुठं लावायचा? धरणाच्या बाजूला तर सगळी बाल्कनीच हाय."

साहेबांनी नकाशा गुंडाळला. "उद्यापर्यंत सही करून पाठवा."

मुलांना शिकवायची एवढी घाई झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला. तुम्ही केली असती सही?