खडेबाईनं निवडलेला खडा

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं मोरीवर बसून दगड घासत होतो. विहिरीतनं निघालेला काळा दगड, लिंबाएवढा, त्यात पांढरे लांबट खडे रुतलेले. मी तांब्यानं पाणी ओतायचं आणि तिनं माझ्याच जुन्या ब्रशनं घासायचं. एक बाजू झाली तशी ती उठली. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता. दुसरी बाजू सकाळी. भाकरी थंड होऊन राह्यल्या."

आमच्या पिंपळगाव रेणुकाईत माझ्या बायकोला सगळे खडेबाई म्हणत. तोंडावर म्हणत. तिला राग यायचा न्हाई, उलट ओ द्यायची.

हे खूळ विहिरीनं लावलं. आमची विहीर खोदली तेव्हा दगडांचा ढीग बघायला कॉलेजातल्या एक मॅडम आल्त्या. आमच्याकडं पिठलं-भाकर खाल्ली आणि जेवता जेवता सांगितलं, की आपली सगळी जमीन म्हणजे थंड झालेला लाव्हा. खाली शिलारस उकळत होता तेव्हाच हे पांढरे खडे त्यात हळूहळू वाढले. खालून ताजा गरम रस आला की खड्याची कड विरघळायची, मग पुन्हा वाढायची. भिंगाखाली एकात एक कडी दिसतात, त्यावरून रस कुठं मुरला, कितीदा तापला, ते समजतं. मोबाइलवर फोटोही दाखवला. मॅडम गेल्या. खूळ राहिलं.

भिंग तिच्याजवळ नव्हतं. चष्मा लावूनही तिला जळकी भाकर दिसत नव्हती, पण दगडातली कडी दिसत. अंगठा फिरवून म्हणायची, "हा लई तापलाय बिचारा." पोकळीत चमकणारी गारगोटी मात्र तिला बिलकुल चालायची न्हाई. "ती मागून पाण्यानं झाली. अक्षता पडल्यावर आलेली पाहुणी ती. तिला आतलं काय ठावं?" कोणी नटूनथटून घरी आलं की माझ्या कानाशी येऊन म्हणायची, "गारगोटी."

माणसांचंही तेच. मला म्हणायची, "तुमच्यात कडंच न्हाई. जल्मल्या जल्मल्या थंड झालेले."

"मंग तुझ्यात?"

"माझ्यात मोजता यायची न्हाई. तुम्ही खालून गरम रस सोडूनच राह्यले ना."

भाचीची सोयरीक अंकुशनगरला ठरत होती. हिनं पत्रिका बाजूला सारली आणि मुलाच्या बापाकडं त्यांच्या विहिरीचा दगड मागितला. तो भला माणूस, नाही कसं म्हणणार. त्याच्या विहिरीला कठडा बांधलेला, त्यातलाच एक तुकडा फोडून रुमालात घेऊन आला. हिनं तो उन्हात धरला, जिभेला लावला, आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ह्यानं आयुष्यात काहीच पाह्यलं न्हाई." ते सिमेंट होतं. लग्न झालं, पोरगी सुखात आहे. विचारलं तर म्हणायची, "सिमेंट पक्कंच असतं. मी कधी न्हाई म्हणले?"

नवीन जालन्याला गुडघ्याचा फोटो काढला तेव्हा डॉक्टरला म्हणाली, "आत किती कडी हायत?" डॉक्टर म्हणाला, हाडात कडी नसतात, मावशी. बाहेर येऊन म्हणाली, "मशीन जुनं हाय त्याचं."

एका गोष्टीत मात्र तिची चेष्टा करायची सोय नव्हती. स्मशानात ज्या खड्यानं मडक्याला भोकं पाडतात तो जीवखडा. दहाव्यापर्यंत जीव त्यातच राहतो म्हणतात. माझ्या आईच्या वेळी कोणीतरी रस्त्यावरची खडी उचलली होती. हिच्या ते मनाला लागलं. "सासूबाई दहा दिवस खडीत राह्यल्या. मला ते जमायचं न्हाई. माझा खडा मी निवडणार." मग कित्येक वर्षं निवडायची आणि नापास करायची. त्या संध्याकाळी घासताना म्हणाली, "हा बराबर हाय." मी म्हणालो, घाई काय आहे.

सकाळी चहाची हाक आली नाही म्हणून उठवायला गेलो. अंग गार होतं.

माणसं जमली, तिरडी बांधून झाली. आम्हाला मूल न्हाई, मडकं मीच धरणार होतो. भोकं पाडायला तिचा भाऊ. त्यानं खिशातनं खडा काढून दाखवला. रस्त्याच्या कामावरची खडी.

"ह्यात ती जायची न्हाई," मी म्हणालो.

"दाजी, जीवखडा कुठलाबी चालतो."

"तुला चालतो. अक्काला इचार."

त्यानं तिरडीकडं पाहिलं आणि खडी परत खिशात घातली.

मी मोरीवर गेलो. दगड तिथंच होता, वर ब्रश ठेवलेला. एक बाजू लख्ख, दुसरीला विहिरीचा गाळ. एका हातानं पाणी ओतायला आणि दुसऱ्यानं घासायला लागलो. दगड निसटून राह्यला होता.

मेव्हणा मागं येऊन उभा राहिला. "दाजी, जल्दी करा. लोक खोळंबलेत."

"खोळंबू दे. एक बाजू राह्यलीय."

तो मग खाली बसला, माझ्या हातातला तांब्या घेतला आणि पाणी ओतायला लागला. मी घासत राहिलो.