अंतराळाचा सूट मी शिवला होता

शहनाजचाचीचं नाव आधी घेते, मग बाकीचं. ती नसती तर मी आज कोल्हापुरात नसते, आणि हे लिहायला कुठेच नसते.

आमचं गाव हिंगोलीकडं. आई-बाबा दर साली हातकणंगल्याच्या वीटभट्टीवर यायचे. सहा महिने गाव, सहा महिने भट्टी. अशी शाळा किती दिवस टिकते? सातवीत सुटली. सतराव्या वर्षी मी म्हणाले, आता भट्टीवर जाणार नाही. मग जाणार कुठं? लग्नसराईच्या घाईत मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका ड्रेपरीच्या दुकानात तुरपाईला गेले होते, तिथं चाची काज-बटणाला होती. तिनं एवढंच विचारलं, "जेवलीस काय गं?" त्याच दिवशी तिच्या खोलीत माझी वळकटी आली. मशीन तिनं शिकवलं. आप्पांना गळ घालून मला कामालाही तिनंच चिकटवलं.

आप्पा म्हणजे दुकानाचे मालक. शाळेच्या गॅदरिंगला मावळे, पऱ्या, वाघ यांचे कपडे भाड्यानं द्यायचे, नवे शिवायचे. त्यांनी मला काम दिलं, ते मी नाकारत नाही. आई फोनवर सांगते, ज्याचं मीठ खाल्लं त्याचं वाईट बोलू नये. म्हणून हे लिहिताना धाकधूक होते. तरी लिहिते.

दुकानात एक रीत होती. शिवलेला कपडा बसतो का, हे बघायला कामाच्या बाईच्या अंगावर चढवायचा. पण त्याआधी आरशावर चादर टाकायची. पहिल्या दिवशी मला कळलं नाही. मी परीचा झगा घातला आणि सहज आरशाकडं वळले. आप्पा गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "ए! गिऱ्हाइकाच्या कापडात सोताला बघायचं न्हाय. माज चढतोय!"

गिऱ्हाईक हसलं. मी चादर टाकली. मग दोन वर्षं टाकत राहिले. स्वतःच्या हातानं.

मागच्या वर्षी ऋतुजा दुकानात आली, आईला घेऊन. कॉलेजची पोरगी. तिनं मोबाईलवर एक जपानी मालिका दाखवली, चित्रांची. शाळेच्या वयाच्या चार पोरी अंतराळात जायचं शिक्षण घेतात. पांढरे फुगीर सूट, खांद्यावर केशरी पट्टा, काचेचं शिरस्त्राण. ऋतुजाला आणि तिच्या तीन मैत्रिणींना तसेच सूट हवे होते. वेशभूषेची स्पर्धा होती. त्याला त्या कॉस्प्ले म्हणायच्या.

"मी तुला सगळे भाग पाठवतो," ऋतुजा म्हणाली. इथल्या पोरी असंच बोलतात, मी आलो, मी गेलो. "बघ तू. लय भारी हाय. बघितल्याबिगर तुला ते शिवायलाच जमायचं न्हाय."

चारातली एक, सिद्धी, माझ्याच अंगाची. बुटकी, बारीक. तिला मापाला यायला वेळ नव्हता. म्हणून सिद्धीचा सूट माझ्या मापावर बेतायचं ठरलं. टेप लावताना ऋतुजाच्या आईनं विचारलं, "आडनाव काय गं तुझं?"

मी सांगितलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या. आणि खुर्ची जरा मागं घेतली. जराशीच. दुसऱ्या कुणाला दिसलीही नसेल.

जेवणाच्या सुट्टीत मी आणि चाची डबा खात ती मालिका बघायचो. शिवणीसाठी मी सारखी थांबवायची. कोपराला घड्या कशा पडतात? आतून इलॅस्टिक असणार. मानेची कडी कसली? आम्ही रंगाच्या डब्यांच्या झाकणांची कड कापली, तिच्यावर राखाडी रेक्झिन चढवलं. मशीनची सुई मोडायची, म्हणून आरीनं भोकं पाडून मी हातानं टाके घातले. चारही कड्या, शिरस्त्राण अडकवायच्या खटक्यासकट. बोटं सोलली.

चाचीला मात्र गोष्ट हवी असायची. "थांबवू नगंस गं! ती पोरगी पास झाली का न्हाय ते बघू दे. त्या गरगर फिरणाऱ्या खुर्चीत बसत्या आन् वकत्या, रोज! जत्रंतल्या पाळण्यात बसायची सवय न्हाय तिला."

ती पोरगी मला माझी वाटायची. लांबच्या बेटावरची. आईला फोनवर सांगायची, मी नीट जेवते. खोटं सांगायची. मीही तेच सांगते. पण एक गोष्ट मला टोचायची. त्यांचे सूट कोण शिवतं? एवढ्या भागांत एकदाही दाखवलं नाही. सूट आपोआप खुंटीवर लटकलेले असायचे.

एक भाग चाचीला फार आवडला होता. पोरी सूट घालून पाण्याच्या टाकीत उतरतात. जाड हातमोज्यांमुळं शिरस्त्राणाचा खटका त्यांना स्वतः उघडता येत नाही. म्हणून खूण ठरलेली. श्वास अडला की मूठ डोक्यावर ठेवायची. मग वरची माणसं ओढून घेतात. ती बेटावरची पोरगी लाजेनं खूण करत नाही आणि मरता मरता वाचते. चाची पडद्यावरच्या पोरीवर चिडली होती. "मूठ ठेव की, बये! लाज मोठी का जीव?"

स्पर्धेच्या दिवशी आम्ही तिघं हॉलवर गेलो. मी, चाची, आप्पा. काही उसवलं तर टाका घालायला. तिथं कळलं, सिद्धीला टायफॉईड. ऋतुजा रडायला लागली, चौघींशिवाय नोंद रद्द होणार. तिच्या आईनं माझ्याकडं बघितलं. मला वरून खालपर्यंत मोजलं.

"हिला घाला. तसाही हिच्याच मापाचा आहे. फक्त काच उघडायची नाही. आणि तोंडही."

आप्पा म्हणाले, "तुझं ते हिंगोलीकडचं 'काहून, काहून' ऐकलं की झालं कल्याण. गप उभं ऱ्हायाचं."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. तो सूट घालून उजेडात जायचं होतं. चाचीनं खटका लावला. म्हणाली, "भारी दिसत्यास."

मंचावर निवेदकानं नावं घेतली. चौथं नाव सिद्धीचं. मी हात हलवला. मग परीक्षक बाई जवळ आल्या, शिवण बघायला लागल्या. निवेदक माईकवर सांगत होता, या स्पर्धेचा नियम असा की पोशाख स्पर्धकांनी स्वतः बनवलेला पाहिजे.

हे मला माहीत नव्हतं.

"तुम्हीच शिवले?" बाईंनी विचारलं.

"हो मॅम," ऋतुजा म्हणाली. "आम्ही चौघींनी. रात्रंदिवस."

बाईंनी माझ्या मानेच्या कडीवरून बोट फिरवलं. एकेक टाका चाचपला. "हे फार सुंदर आहे. कसं केलं?" त्या मला विचारत होत्या. थेट मला. काचेतून माझ्या डोळ्यांत बघत.

उत्तर माझ्या तोंडात होतं. झाकणाची कड. आरी. मेण लावलेला दोरा. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला माझ्या हातांबद्दल विचारत होतं.

"ती खूप लाजाळू आहे मॅम," ऋतुजा मध्येच म्हणाली. "ते ग्लू गननं चिकटवलंय."

बाईंनी टाके बघितले, ऋतुजाकडं बघितलं. काहीतरी लिहिलं. पुढं गेल्या.

मी बोलले नाही. इथं मला, मी ओरडले, असं लिहिता आलं असतं. कुणाला कळलं असतं? पण नाही बोलले. काम जाईल, खोली जाईल, चाचीला त्रास होईल, एवढंच डोक्यात होतं. रडू फुटलं. आत वाफ धरली. काच पांढरी झाली, काही दिसेना. श्वास येईना. खटक्याला हात लावला, मोजा नुसता घसरत होता. तो मोजाही माझाच. चांगला जाड शिवलेला.

मी मूठ डोक्यावर ठेवली.

हॉल उसळला. शिट्ट्या. टाळ्या. सगळ्यांनी मालिका बघितलेली, सगळ्यांना खूण ओळखू आली. त्यांना वाटलं, काय अभिनय करते पोरगी! मी मूठ दाबून धरली. टाळ्या वाढल्या. मी गुदमरत होते आणि लोक मोबाईल वर धरून माझे फोटो काढत होते. शेजारच्या दोघींनीही हसत हसत मुठी डोक्यावर ठेवल्या.

मग कुणीतरी माझं मनगट धरलं. मंचाच्या पायऱ्या चढून, चप्पल घालून, चाची आली होती. मला ओढत पडद्यामागं नेलं, खटका उघडला. "घे श्वास. घे. घे गं लेकरा."

मागून ऋतुजाच्या आई आल्या. "काय तमाशा आहे हा?" शिरस्त्राण उचललं. पर्समधून सुवासाची बाटली काढली आणि आत फवारा मारला. एकदा, दोनदा. ओल्या कागदानं आतून पुसलं. जिथं माझं तोंड होतं तिथं जास्त. "सिद्धी बरी झाली की तिला फोटोला लागणार आहे," त्या म्हणाल्या. माझ्याकडं न बघता.

तेवढ्यात ऋतुजा धावत आली. "पहिला नंबर! चौघींना बोलवत्यात. चल, घाल लवकर."

तिच्या आईनं ते ओलं शिरस्त्राण माझ्यापुढं धरलं. उग्र वास येत होता.

"मी नाही घालणार."

"काय?"

"सूट मी शिवलाय. मी सिद्धी नाही."

आवाज अगदी बारीक निघाला. पण निघाला.

ऋतुजा म्हणाली, "सॉरी गं, पण दोन मिनिटांचा प्रश्न हाय की." आप्पा आधी हात जोडायला लागले, "पोरी, गिऱ्हाईक मोठं हाय." मग त्यांचा चेहरा बदलला. "न्हाय घालणार? मग उद्यापास्नं दुकानची पायरी चढू नगंस."

मी हातमोजे काढले. एक, मग दुसरा.

चाची म्हणाली, "आप्पा, काज-बटणालाबी दुसरी बाई बघा."

"तुझं काय मधीच?"

"पोरगी मरत हुती. तुमी टाळ्या वाजवत हुता."

त्या तिघीच मंचावर गेल्या. चौथीला बरं वाटत नाही, असं निवेदकानं सांगितलं. बक्षीस मिळालं. टाळ्या आम्ही जिन्यात ऐकल्या.

आता मी एका कारखान्यात शाळेचे गणवेश शिवते. दिवसभर एकच बाही. चाची वीस वर्षं त्या दुकानात होती. तिला दुसरीकडं कुणी घेईना, वय झालं म्हणतात. घरात बसून काजं करते, दाराशी उजेड असेल तोवर. एकदाही मला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

हे लिहून कुणाचं काही बिघडणार नाही, हे मला कळतं. ऋतुजाच्या घरात ती बक्षिसाची ढाल कपाटावर असेल. मी अजूनही मोठ्या आवाजाला दचकते. भीती गेली असं म्हणत नाही. पण यापुढं कुणाच्या नावाखाली उभी राहणार नाही. कुणी शिवलं, असं कुणीही विचारलं, की भीतीसकट सांगणार. मी शिवलं. काम गेलं तरी. खोली गेली तरी.

आणि चाचीची जागा माझ्यापायी गेली. ती मी तिला परत देणार आहे. कशी, ते अजून माहीत नाही. पण देणार आहे.