झाडउंदरांच्या शोधात व्हर्ना

व्हर्ना टॉलफसन सव्वीस वर्षं वनखात्यात होती. तोडायच्या झाडांवर निळा पट्टा मारायचा, हे तिचं काम. निवृत्त झाली आणि तिने बरोबर उलटं काम धरलं. ऑरेगॉनच्या आमच्या डोंगरात पाचशे वर्षांची फरची झाडं अजून उभी आहेत. तिथे ती शनिवार-रविवार तंबूंची शिबिरं भरवू लागली. पोर्टलंडहून माणसं येत. तोडणीसाठी आखलेल्या पट्ट्यांतून ती त्यांना फिरवी आणि तांबड्या झाडउंदराची घरटी शोधायला लावी. घरटं सापडलं आणि खात्याने ते खरं मानलं, तर नियमाने भोवतीची दहा एकर तोडणीतून सुटत. मी तिथे पंधरा वर्षं स्वयंपाक केला.

या मे महिन्यात नऊ जण आले. व्हर्ना एकोणसत्तरची, दोन्ही गुडघे गेलेले. चढावर दर दहा पावलांना थांबायची आणि झाड निरखतेय असं दाखवायची.

"एवढं काय बघतेस?" मी विचारलं. "लग्न करायचंय का त्याच्याशी?"

"माणसाशी करून बघितलं. झाड निदान घोरत नाही. पाणी दे."

शनिवारी काहीच मिळालं नाही. रविवारी दुपारी सगळे पाय ओढत परतत होते, तेव्हा टपाल वाटणारी डेल्फीन शेवाळावर ओणवी झाली.

"हे केस कुणाचे गं?"

तिच्या बोटांत बारीक, चिकट धागे होते. झाडउंदीर फरचं सुईसारखं पान खातो, कडेचा राळेचा धागा तेवढा सोलून टाकतो. व्हर्नाने ते नाकाशी धरले. "ताजे आहेत," म्हणाली आणि मुळावरच बसली.

छपरं दुरुस्त करणारी टॅम्सिन दोर लावून वर चढली. बऱ्याच वेळाने तिची हाक आली, "आहे गं! घरटं आहे, आत पिल्लंही आहेत!"

सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. व्हर्ना बसल्या जागी नोंद लिहीत राहिली.

"तुला आनंद नाही झाला?" डेल्फीनने विचारलं.

"झालाय की. तोंडापर्यंत यायला हल्ली वेळ लागतो."

जुलैत खात्याचा नवा नकाशा आला. ओढ्याकडची दहा एकर सुटली होती. वरची साठ तोडणीतच राहिली. तिथवर आम्ही पोचलोच नव्हतो.

"माझ्यामुळे सगळे हळू चालले," व्हर्ना म्हणाली.

"कुणी तुला दोष देत नाहीये," मी म्हटलं.

"मी देतेय ना. तेवढं तरी करू दे."

ऑगस्टमध्ये करवती सुरू झाल्या. व्हर्नाने मला गाडीतून जंगलाच्या फाटकापर्यंत नेलं. ओंडक्यांचा ट्रक बाहेर पडला. चालक तिच्या ओळखीचा होता, त्याने हात वर केला. तिनेही केला. घरी पोचल्यावर तिने टॅम्सिनला फोन लावला. "सप्टेंबरचं शिबिर तू घे. मला नाही जमणार आता."

सप्टेंबरच्या शिबिराला ती आली, पण माझ्याजवळ बसून बटाटे सोलायला.

"अगं, सालीबरोबर अर्धा बटाटा चाललाय!"

"सव्वीस वर्षं रंग मारला मी, बटाटे नाही सोलले."

दुपारी मंडळी रिकाम्या हातांनी उतरली. व्हर्नाने त्यांना बूट काढून ओढ्यात पाय सोडायला लावलं आणि प्रत्येकाला सूप वाढलं. मग स्वतः दोन वाट्या प्यायली आणि उन्हात, खुर्चीतच झोपली. तिला उठवायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं.