उधाणाला जाणारं नेट

दातिवऱ्यात इंटरनेटची पहिली तार कुणाच्या घरी आली, असं विचारलं तर आजही गावात वाद लागतो. सरपंचाची माणसं सरपंचाचं नाव घेतात, सोसायटीवाले सोसायटीचं. खरं उत्तर हवं असेल तर उत्कर्षा मेहेरला विचारावं. विपुलशेठला रोज फोन करून वीस दिवस तिनंच हैराण केलं होतं.

विपुलशेठ म्हणजे पालघरचा केबलवाला. नऊ वर्षांपूर्वी मोठ्या कंपन्यांची माणसं सफाळ्यापर्यंत यायची, चहा प्यायची आणि 'पुढे जमणार नाही' म्हणून परत फिरायची. दातिवरे पडलं रस्ता संपतो तिथलं गाव, पुढे फक्त खाडी आणि समुद्र. विपुलशेठकडे मात्र जिव्या होता. जिव्या लाइनमन व्हायच्या आधी ताडी काढायचा, त्यामुळे खांब नाहीत म्हणून त्याचं कधी अडलं नाही. या ताडावरून त्या ताडावर, तिथून सुरूच्या झाडांवर अशी उड्या मारत त्यानं काळी तार उत्कर्षाच्या ओटीपर्यंत आणली. राउटरवर हिरवा दिवा लागला तेव्हा उत्कर्षाच्या सासूनं, पद्मीबायनं, त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. ते पुसून काढायला उत्कर्षाला अर्धा तास लागला.

उत्कर्षा आयटीआयची ड्राफ्ट्समन. बोईसरला सुजित शेवाळ्यांच्या ऑफिसात ती तारापूरच्या कारखान्यांसाठी पाइपलाइनची ड्रॉइंग काढते. कुठला पाइप कुठून वळेल, कुठे व्हॉल्व्ह बसेल, हे तिच्या रेघेवर ठरतं. पहिली काही वर्षं ती सकाळी सहाची एसटी पकडायची, सफाळ्याहून गाडीनं बोईसर, आणि परत यायला आठ. नवरा विक्रम बोटीवर, तो चार-चार दिवस समुद्रात. लेक स्वरा आजीच्या काखेत वाढत होती. स्वरानं पहिलं पाऊल टाकलं ते उत्कर्षानं ऑफिसात बसून फोनवर पाहिलं. विपुलशेठच्याच नेटवर पाहिलं, म्हणून त्याचे उपकार मानले आणि मग ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली.

ऑफिसचं नेट तेव्हा दिवसाआड झोपायचं. उत्कर्षानं शेवाळेसरांना सांगितलं, "सर, आमच्या गावात ताडावरून येतं ते चालतं, तुमचं गटारातून येऊन चालत नाही. विपुलशेठचं घ्या." सरांनी घेतलं. तेव्हापासून घरचं नेट आणि ऑफिसचं नेट एकाच माणसाचं, आणि मधे शब्द उत्कर्षाचा.

मग कोरोना आला आणि सगळे घरी बसले. नंतर सगळे परत ऑफिसला गेले, पण उत्कर्षाचं घरून केलेलं काम इतकं चोख होतं की सरांनी आठवड्यातून एकदाच बोईसरला यायची मुभा दिली. तिच्या आयुष्यातली ती सोन्याची वर्षं. स्वराचा शाळेतला पहिला दिवस, पहिला पडलेला दात, पहिलं भांडण, सगळं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

दृष्ट लागावी तशी तीन वर्षांपूर्वी कुरकुर सुरू झाली. नेट अधूनमधून सकाळी साडेदहा-अकराला जायचं, राउटरवर लाल दिवा लुकलुकायचा, आणि संध्याकाळी पाच-सहाला आपसूक परत यायचं. तक्रार केली की जिव्या पालघरहून निघेपर्यंत दुपार, पोचेपर्यंत संध्याकाळ. तो यायचा तेव्हा हिरवा दिवा साळसूदपणे जळत असायचा. राउटर तीनदा बदलला. ओटीवरची तार जोडायची डबी दोनदा बदलली. विपुलशेठच्या ऑफिसातली समिधा फोनवर गोड आवाजात विचारायची, "ताई, बंद करून चालू केलंत का?" उत्कर्षानं एकदा तिला सांगितलं की आता मलाच बंद करून चालू कर.

यंदा मार्गशीर्षात सरांनी तिला समोर बसवलं. एका केमिकल कारखान्याचं मोठं काम आलं होतं. फाल्गुनात त्यांचं शटडाउन, म्हणजे कारखाना पंधरा दिवस बंद ठेवून सगळे पाइप बदलायचे, आणि ड्रॉइंग उत्कर्षाची. शेवटची तपासणी ऑनलाइन होणार होती, बारा माणसांसमोर, नेमकी माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी.

"उत्कर्षा, तुझ्या हाताबद्दल शंका नाही," सर म्हणाले. सर मूळचे नगरकडचे, बोलणं सरळ. "पण नेटनं पुन्हा दगा दिला तर रोज बोईसरला यावं लागेल. नाही जमलं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल. आणि तुझ्या त्या विपुलशेठलाही इथून नारळ देईन."

ती गाडीत बसून घरी आली ती दातओठ खात. नोकरी सोडणं परवडण्यातलं नव्हतं आणि सहाची एसटी पुन्हा पकडायची म्हणजे स्वराला पुन्हा फोनवर बघायचं. ते तिला काही केल्या मंजूर नव्हतं. रागावलेली बाई भांडी आपटते. उत्कर्षा ड्राफ्ट्समन, तिनं आलेखाचा कागद काढला.

तीन वर्षांच्या तक्रारींचे मेसेज फोनमध्ये होतेच. आडव्या रेघेवर तारखा, उभ्या रेघेवर वेळ, आणि नेट गेलं तिथे लाल ठिपका. दोन संध्याकाळी ती ठिपके देत बसली. पूर्ण झाल्यावर कागद भिंतीला लावून मागे सरकली, तर ठिपके चक्क ओळीत उभे. जून-जुलै कोरा. बाकी महिन्यांत ठिपक्यांचा एक घोस, मग मोकळी जागा, मग परत घोस, दर पंधरा दिवसांनी. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून शेजारी धरलं. घोस पडत होते अमावस्येला आणि पौर्णिमेला.

तिनं समिधाला फोन केला. पलीकडून फोनवर हात ठेवून दाबलेलं हसू आलं. "ताई, अमावस्येला नेट जातं? मग लिंबू-मिरची बांधायची का?"

पालघरची मुलगी, तिनं हसावं. पण कोळीवाड्यात वाढलेल्या बाईला अमावस्या-पौर्णिमा म्हटलं की भूत आठवत नाही, उधाण आठवतं. भरतीला जोर आला की प्रवाहात रोवलेली डोलीची जाळी भरून येतात, बोटी बोंबलांनी भरतात. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत पाणी मंद, मासळी बेताची. आणि जून-जुलैत मासेमारीच बंद. उत्कर्षाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की नेटचा संबंध चंद्राशी नाही, मासळीशी आहे. कसा, ते मात्र कळेना.

तिनं मग थेट विपुलशेठला फोन लावला. "शेठ, पौषातल्या अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा ते अकरामध्ये माझं नेट जाणार. दहाला जिव्यादादाला घेऊन माझ्या ओटीवर या. नाही गेलं तर मी स्वतः तुमची लाइन तोडून मोठ्या कंपनीकडे जाईन, आणि शेवाळेसरही."

"ताई, आम्ही नेट दुरुस्त करतो, भविष्य नाही बघत," शेठ म्हणाले. पण नऊ वर्षांचं गिऱ्हाईक, आले बिचारे. उत्कर्षानं सरांनाही मेसेज टाकून ठेवला: आज साडेदहानंतर माझं नेट जाईल, कारण शोधून कळवते. सरांनी उत्तरात फक्त एक प्रश्नचिन्ह पाठवलं.

दहा वाजता शेठ खुर्चीवर, जिव्या पायरीवर, दोघांच्या हातात चहा. साडेदहा झाले, हिरवा दिवा. दहा पस्तीस, हिरवा दिवा. शेठ घड्याळ बघून गालातल्या गालात हसायला लागले. दहा चाळीसला दिवा एकदा लुकलुकला आणि लाल झाला.

शेठच्या बशीतला चहा पायजम्यावर सांडला. उत्कर्षानं आयुष्यात इतक्या आनंदानं लाल दिवा कधी पाहिला नव्हता. "चला!" ती ओरडली, आणि तिघं तारेच्या मागे निघाली. ओटीवरून परसात, परसातून सुरूच्या बनात, तिथून किनाऱ्यावरच्या वलांडीकडे. बांबू रोवून त्यांवर दोऱ्या ताणलेल्या, आणि दोऱ्यांवर जोडीजोडीनं जबडे अडकवून टांगलेले ओले बोंबील, जिकडे पाहावं तिकडे. कडेच्या दोरीपाशी पद्मीबाय उभी होती. टोपलीतली शेवटची जोडी ती टांगत होती, आणि ती दोरी नव्हतीच. ती विपुलशेठची तार होती.

काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

"आये!" उत्कर्षानं तारेकडे बोट दाखवलं.

"काय गो, काय झाला?" पद्मीबाय म्हणाली. मग शेठकडे बघून हसली. "बरे आलंव शेठ. तुमची दोरी लय चांगली हाय. कुजत नाय, गंजत नाय, कावळ्यानं टोचली तरी तुटत नाय. उधाणाला आमच्या दोऱ्या पुरत नाय, मंग हिच्यावर घालते. आजून धा-वीस वाव लांब पाठवा."

शेठ तारेवरची एकेक जोडी मोजायला लागले. जिव्या मात्र जमिनीकडे बघत होता. तीन वर्षांपूर्वीच्या वादळात ताड पडला तेव्हा त्यानंच ती तार वलांडीच्या खांबाला बांधली होती. तात्पुरती. आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टी बापजाद्यांच्या गोष्टींपेक्षा जास्त टिकतात.

"दादा, तुम्ही इतक्यांदा आलात, तुम्हाला दिसले नाहीत हे?" उत्कर्षानं विचारलं.

"दिसत होते ना," जिव्या कसनुसा म्हणाला. "पन किनाऱ्यावर बोंबील दिसला त्यात नवा काय? मना वाटला बोंबील हाय, सुकतो हाय."

त्याचं तरी काय चुकलं? अख्ख्या गावाला दिसत होते. सासूला घरातली सून दिसत होती, सुनेला कॉम्प्युटर दिसत होता, आणि वलांडीवर पाय ठेवून उत्कर्षाला किती वर्षं झाली ते तिचं तिलाही आठवेना. ओला बोंबील म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. सकाळी ते वजन पडलं की तार खाली ओढली जायची, खांबाच्या गाठीशी तिच्यातला नेट वाहून आणणारा काचेचा धागा मुरगळायचा आणि त्यातून येणारा प्रकाश तिथेच अडायचा. दुपारच्या उन्हात पाणी गळून गेलं की तार पुन्हा वर. जिव्या पोचेपर्यंत सगळं आलबेल.

खात्री म्हणून उत्कर्षानं स्वराला राउटरपाशी उभं केलं आणि स्वतः बोंबील उतरवायला लागली. अर्धी तार रिकामी झाली आणि घरातून आरोळी आली, "आई, हिरवा! हिरवा झाला!" शेठनं तिथेच, वाळूत, तिला हात जोडले. त्या दुपारी जिव्यानं तार काढून उंच ताडावर नेली आणि या वेळी तात्पुरती नाही, लोखंडी पट्टीनं बांधली. सरांना उत्कर्षानं आलेखाचा आणि बोंबलांचा असे दोन फोटो पाठवले. सरांचा लगेच फोन आला, पण दोन मिनिटं त्यांना हसण्यामुळे बोलताच येईना. हसून झाल्यावर ते म्हणाले, "पौर्णिमेला बघू."

पद्मीबाय मात्र त्या दिवशी नीट जेवली नाही. तीन वर्षं सुनेची नोकरी आपण दर उधाणाला टोपलीनं बुडवत होतो, हे तिला लागलं होतं. उत्कर्षानं समजावलं, चेष्टा केली, पण म्हातारी रिकामी टोपली उचलून परसात निघून गेली.

माघी पौर्णिमेला आलं तसं उधाण बोटी हाकून म्हाताऱ्या झालेल्या तांडेलांनीही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विक्रमची बोट बोंबलांनी भरून आली. इकडे अकराला उत्कर्षाच्या पडद्यावर बारा चेहरे. एका डोळ्यानं ती ड्रॉइंग दाखवत होती आणि दुसऱ्यानं राउटर बघत होती. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी एकेक पाइप विचारला, तिनं एकेक उत्तर दिलं. एका ठिकाणी त्यांच्याच माणसानं व्हॉल्व्ह उलटा दाखवला होता, तोही तिनं पकडून दिला. दोन तास दहा मिनिटं. दिवा हिरवा म्हणजे हिरवा. शेवटी साहेब म्हणाले, "शेवाळे, पुढची सगळी ड्रॉइंग याच बाईंकडून हवीत." त्यावर सर सगळ्यांदेखत म्हणाले, "होतील. दातिवऱ्यातूनच होतील."

कॉम्प्युटर बंद करून उत्कर्षा परसातून जवळजवळ पळतच किनाऱ्यावर गेली. इतकी मासळी, दोऱ्या पुरल्या कशा, हे तिला सकाळपासून खटकत होतं. वलांडीवर एक नवीन ओळ ताणलेली होती, जाड, जुन्या निळ्या दोराची. तिनं तो ओळखला. सासऱ्यांच्या बोटीचा दोर. ते गेल्यापासून अकरा वर्षं पद्मीबायनं तो माळ्यावर गुंडाळून ठेवला होता आणि कुणाला हात लावू दिला नव्हता. त्यावर आता या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंबील टांगलेले होते.

भर दुपारी सून इथे आलेली पाहून पद्मीबायच्या हातातली जोडी तशीच राहिली. तिनं आधी वर ताडाकडे पाहिलं. तार रिकामी होती.

"परत गेला काय गो?"

उत्कर्षानं मान हलवली. "नाय आये. एकदा पण नाय गेला. काम झाला."

पद्मीबायनं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, मग पदरानं डोळे पुसले आणि पायापाशी पडलेली भरलेली टोपली तिच्याकडे सरकवली.

"मंग बगत काय उभी रेलीस? घाल."